बेळगावात बसून परदेशातली बिदागी: सांस्कृतिक सेवांच्या निर्यातीची सविस्तर वाट

निर्यात म्हटलं की आपल्या भागात उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे सुटे भाग, निपाणीची तंबाखू, नाहीतर अथणीच्या चपला आठवतात. टिळकवाडीत बसून टोरांटोच्या मुलीला पेटी शिकवणाऱ्या मास्तरांना कुणी निर्यातदार म्हणत नाही. बँकेच्या लेखी मात्र दोघांचं काम एकच आहे: सेवा किंवा माल बाहेर जातो, परकी चलन आत येतं. फाउंड्रीला भंगार, कोक, वीज, ट्रक आणि बंदर लागतं. मास्तरांना एक खोली, बरी इंटरनेट जोडणी आणि नीट कागदपत्रं पुरतात. शिवाय आलेल्या पैशातला फारच थोडा हिस्सा कच्च्या मालापोटी परत बाहेर जातो, बहुतेक इथल्याच बाजारात फिरतो. विकसनशील देशांचे अर्थतज्ज्ञ सांस्कृतिक सेवांकडे लक्ष द्या म्हणतात ते याचसाठी.

जागतिक आकडे वाचून हुरळून मात्र जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालची सर्जनशील सेवांची निर्यात सुमारे १.४ लाख कोटी डॉलर सांगितली आहे. पण त्या बेरजेत सॉफ्टवेअर आणि संशोधन-विकास यांचाच वाटा सर्वांत मोठा. गाणं, नाच, नाटक, वारसा यांच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येतो. खानापूरच्या एका कुटुंबाला तेवढा तुकडाही पुष्कळ आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक मंडळं आणि कलावंत उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी अमेरिकेचा दौरा, मग बाकीचं. दौरा हा यातला सर्वांत खर्चिक, सर्वांत बेभरवशाचा प्रकार आहे. आधी घरात बसून विका, मग आवाजाचे आणि रचनांचे हक्क नीट बांधून घ्या, आणि दौरा शेवटी.

विकण्याच्या चार वाटा

जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापाराचा करार १९९५ पासून लागू आहे. त्यात सेवा सीमेपलीकडे जाण्याचे चार प्रकार मानले आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर: पहिला, तुम्ही इथे आणि गिऱ्हाईक तिथे, म्हणजे ऑनलाइन शिकवणी, ध्वनिमुद्रण, डबिंग, उपशीर्षकं. दुसरा, गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं, म्हणजे जर्मनीचा विद्यार्थी महिनाभर खानापुरात राहून पखवाज शिकतो. तिसरा, तुम्ही तिकडे शाखा काढता. चौथा, तुम्ही स्वतः कार्यक्रम करायला जाता.

तिसरा प्रकार आपल्यासाठी सध्या सोडून देऊ. दुसऱ्यात एक गोम आहे. परदेशी विद्यार्थी इथे येऊन, समोर बसून शिकला, तर त्याने डॉलर मोजले तरी जीएसटी कायद्याच्या दृष्टीने ती निर्यात होत नाही, कारण सेवा प्रत्यक्ष इथेच दिली गेली. कार्यक्रमाचंही तसंच. कार्यक्रम जिथे होतो तीच जागा धरली जाते. दुबईच्या कंपनीने पैसे दिले पण कार्यक्रम पुण्यात झाला, तर ती निर्यात नाही.

आणि आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न: कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापुरात कार्यक्रम केला तर? ती आंतरराज्य सेवा. सीमाभागात राहून ‘सीमेपलीकडे’ या शब्दाची इतकी सवय झाली आहे की काही जण कोल्हापूर-सांगलीच्या सुपाऱ्याही निर्यातीत धरतात. सीएच्या टेबलावर हा घोळ दरवर्षी निघतो.

काय विकायचं: दोन भाषांचा हात

आपल्या भागातून कला बाहेर जाणं नवं नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला नाटक उभं केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व १९२४ साली इथून जवळच सुळेभावीला जन्मले. पेटीत रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात शिष्यांची फळीच तयार केली. मात्र या सगळ्या कलेचा व्यवहार बहुधा पुण्या-मुंबईच्या वहीत लिहिला गेला.

आज परदेशातल्या गिऱ्हाइकाला तुमचा जिल्हा कुठल्या राज्यात आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला दोन्ही भाषा सफाईने बोलणारा माणूस मिळाला तर हवाच असतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं अधिवेशन साधारण दोन वर्षांनी भरतं. अमेरिकेतल्या कन्नड कूटांची, म्हणजे मंडळांची, ‘अक्का’ ही संघटना जागतिक कन्नड संमेलनं भरवते. पुण्याच्या गायकाला यातलं एकच दार उघडं असतं, बेंगळुरूच्या गायकाला दुसरं. आपल्याकडच्या गायकाला दोन्ही. भीमसेन जोशींनी मराठी अभंग आणि कन्नड दासपदं दोन्ही गायली आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती आपली मानली. तोच साचा तुमच्याकडे आहे: एका बैठकीत अभंग, लिंगायत संतांची वचनं आणि दासपदं, निवेदन दोन्ही भाषांत.

याशिवाय एक बाजार असा आहे की तिथे मराठीही लागत नाही. युरोप-अमेरिकेत योगवर्ग आणि कीर्तनाचे गट पेटी वाजवतात. त्यांना तान-पलटे नको असतात. सूर कसा धरायचा, भाता कसा सांभाळायचा, चार रागांतली साधी पदं कशी वाजवायची, एवढंच हवं असतं. आपल्याकडच्या जाणकाराला हे किरकोळ वाटेल, पण याच वर्गातले लोक वेळेवर फी देतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. इंग्रजी कामचलाऊ चालतं, पण ते हवंच.

भाषेची कामंही सांस्कृतिक सेवाच आहेत: मराठी-कन्नड डबिंगसाठी संवाद लिहिणं, उपशीर्षकं, बोलती पुस्तकं, परदेशी मुलांना मराठी शिकवणं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथे गावोगावी साहित्य संमेलनं भरवणाऱ्या भागात चांगलं लिहिणारी माणसं कमी नाहीत. मराठी-कन्नड या जोडीत काम करणारे मात्र बाजारात कमीच दिसतात.

एक सावधगिरी. सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेली चौंडकं आणि जोगत्यांची गाणी परदेशी रसिकांना फार आवडतात आणि आयोजक त्यांची मागणी करतात. त्या परंपरेमागे देवदासीपणाचा इतिहास आहे. कर्नाटकात त्या प्रथेवर १९८२ मध्येच कायद्याने बंदी आली. ही कला मंचावर नेणार असाल तर गाणाऱ्यांची नावं, त्यांचा पैशातला वाटा आणि त्यांच्याबद्दल काय सांगितलं जाईल हे त्यांच्यासमोर ठरवा. दुसऱ्याचं दुःख निवेदनाला रंग भरायला वापरू नये.

पहिली पायरी: घरातून शिकवणी

इथे तपशील महत्त्वाचा आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

आधी आवाज. झूमसारखी ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत. तानपुऱ्याचा सलग स्वर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. सेटिंगमध्ये ‘मूळ आवाज’ चालू करण्याची सोय असते, ती दोन्ही बाजूंनी चालू करावी लागते. विद्यार्थ्याला कानात हेडफोन घालायला सांगा, नाहीतर तुमचाच आवाज त्याच्या स्पीकरमधून परत येतो. वायफायवर भिस्त न ठेवता राउटरपासून संगणकापर्यंत तार ओढा. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात वीज जाणारच, तेव्हा राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्या. मोबाइलचं दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट तयार ठेवा.

मग ताल. इंटरनेटवर आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे गुरू-शिष्याने एकत्र गाणं किंवा तुम्ही ठेका धरून त्याने वर गाणं जमत नाही. ज्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं ते महिनाभर विद्यार्थ्याला बेताल म्हणत राहतात. उपाय सोपा आहे: ठेका आणि तानपुरा विद्यार्थ्याच्या घरी त्याच्याच ॲपवर वाजू दे. तुम्ही आधी म्हणा, मग थांबा, मग तो म्हणेल. प्रत्येक धड्यानंतर पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवा, त्यावर तो आठवडाभर रियाज करील.

वेळापत्रक हाच या धंद्याचा कणा. आपल्या घड्याळात मांडलं तर ते असं दिसतं. सकाळी ६:३० ला कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात (तिकडच्या उन्हाळ्यात) आणि न्यूयॉर्कला रात्रीचे ९. म्हणजे पश्चिम किनाऱ्याची मुलं आणि पूर्व किनाऱ्यावरची मोठी माणसं या वेळेला. दुपारी १:३० ला सिडनीत संध्याकाळचे ६, तिकडचा हिवाळा असेल तर. ३:३० ला सिंगापुरात संध्याकाळ. ७:३० ला दुबईत ६. लंडनच्या मुलांसाठी रात्री साडेदहापर्यंत जागण्यापेक्षा शनिवार-रविवारी त्यांची सकाळ धरा, आपल्याकडे दुपारचे अडीच होतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या मुलांचंही तसंच: त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ९ म्हणजे आपली संध्याकाळ ६:३०.

यात एक सापळा आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासाने पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये तेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपलं घड्याळ जागेवरच असतं. त्या आठवड्यांत आधी संदेश पाठवला नाही तर निम्मे धडे बुडतात आणि पैशांवरून वाद होतात.

फी महिन्याची आगाऊ घ्या. एका धड्याला १५ डॉलर, १२ विद्यार्थी, प्रत्येकी महिन्याला ४ धडे असं समजा: ७२० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ६१,२०० रुपये. दर इतका ठेवणारा माणूस नवशिक्या नसावा, आणि तो दर अमेरिकेतल्या शिक्षकापेक्षा कमी असला तरी चालेल, पण ‘भारतातून आहे म्हणून स्वस्त’ अशी जाहिरात करू नका. तो दर पुढे चढत नाही. बुडालेला धडा किती तास आधी कळवला तर भरून मिळेल, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. मुलांच्या आईवडिलांना परीक्षेची शिडी आवडते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांप्रमाणे अभ्यासक्रम आखला तर विद्यार्थी मधे सोडत नाहीत.

दुसरी पायरी: हक्क बांधून घ्या

आपल्या भागातल्या कलावंतांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते दिसत नाही. बिदागी हातात पडली की व्यवहार संपला असं आपण मानतो. कार्यक्रमाचं चित्रीकरण मात्र पुढे वर्षानुवर्षं कमावत राहतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी भक्कम झाला. तुमच्या संमतीशिवाय कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण किंवा प्रक्षेपण करता येत नाही. रचनेचे हक्क देताना करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत. ही शेवटची ओळ निर्यात करणाऱ्याने पाठ करावी. परदेशी कंपन्यांच्या छापील करारात म्हणूनच ‘संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ असे शब्द असतात. ते खोडून ‘अमुक देश, ३ वर्षं’ लिहायला सांगा. लिहितात. नाही लिहिलं तर दर वाढवून मागा.

परदेशातल्या मंडळाशी करार करताना चार गोष्टी विचारा. कार्यक्रम फक्त सभागृहापुरता की थेट प्रक्षेपणही? चित्रफीत किती दिवस ठेवणार? कुणाच्या यूट्यूब वाहिनीवर? आणि तुमचा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार का? डबिंग आणि बोलत्या पुस्तकांच्या करारात हा शेवटचा मुद्दा आता हटकून तपासावा. तसा वापर चालणार असेल तर त्याचा वेगळा मोबदला, नसेल तर स्पष्ट नकार, दोन्ही लेखी.

दुसऱ्या बाजूने, तुम्ही गाता ते कुणाचं आहे हेही पाहा. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. पण ज्या चालीवर आपल्या भजनी मंडळांत ते म्हटले जातात, ती चाल बऱ्याचदा अलीकडच्या संगीतकाराची असते. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. अशा चालीवरची चित्रफीत यूट्यूबवर टाकली की दावा येतो आणि उत्पन्न दुसऱ्याकडे जातं. म्हणून निर्यातीसाठीच्या ध्वनिमुद्रणात जुन्या वारकरी चाली, स्वतःच्या बंदिशी किंवा तुमच्या गावाची भजनी परंपरा वापरा. त्या कुठेही ऐकायला मिळत नाहीत, आणि मागणीही नेमकी त्यांनाच असते. तुम्ही गीत किंवा संगीत स्वतः रचत असाल तर आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या. परदेशात रचना वाजली तर तिथल्या संस्थांकडून रॉयल्टी त्याच मार्गाने येते.

यूट्यूबवरून कमाई असेल तर अमेरिकी कराचा फॉर्म डब्ल्यू-८बेन भरून ठेवा. भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर १५ टक्के कर कापला जातो. फॉर्म भरला नाही तर कपात जास्त होते. ऑनलाइन शिकवणीचं वेगळं आहे. काम भारतात बसून केलं म्हणून त्यावर अमेरिकेत सहसा कर लागत नाही. घरून विकण्याचा हाही एक फायदा.

तिसरी पायरी: पैसा आत कसा आणायचा

एकट्या शिक्षकाने उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) करून स्वतःच्या व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडावं. नोंदणी फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका. मंडळ असेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदणी आणि मंडळाच्या नावाचं खातं. अध्यक्षांच्या खात्यात डॉलर घेणं आज सोयीचं, पण उद्या त्यांच्या घरी आयकराची नोटीस आणि मंडळात भांडण.

आयात-निर्यात कोड लागतो का? सेवांसाठी तो सक्तीचा नाही. परदेश व्यापार धोरणातल्या सवलती हव्या असतील तरच काढा, शुल्क ५०० रुपये.

बिल इंग्रजीत, क्रमांकासह, परकी चलनात. सेवेचा प्रकार स्पष्ट लिहा: ‘हार्मोनियमचे ऑनलाइन वर्ग, जुलै, ४ धडे’. बँक पैसे जमा करताना हेतू-कोड विचारते. रिझर्व्ह बँकेच्या यादीत ‘वैयक्तिक, सांस्कृतिक आणि मनोरंजन सेवा’ असा गट आहे, त्याचे कोड पी११ ने सुरू होतात. बँकेतला कारकून सवयीने दुसराच कोड टाकतो, विशेषतः ‘कुटुंबाच्या खर्चासाठी’ हा. तसं झालं तर ती रक्कम कागदोपत्री निर्यात उरत नाही. प्रत्येक जमेची परकी रकमेची पावती, म्हणजे ‘फिरा’ (एफआयआरए), मागून फाइलमध्ये लावा.

पेपालसारख्या सेवा सोयीच्या, पण त्यांचा खर्च शुल्काबरोबरच चलनाच्या दरातही असतो. वरच्या उदाहरणात ३ टक्के दरफरक म्हणजे महिन्याला १,८३६ रुपये. त्या दिवशीचा बाजारभाव आणि हातात आलेला भाव शेजारी-शेजारी लिहायची सवय लावा.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे लागत नाही. निर्यातही त्या उलाढालीत मोजली जाते. वरच्या मास्तरांची वर्षाची जमा ७,३४,४०० होते, म्हणजे त्यांना घाई नाही. व्यक्ती म्हणून कला शिकवण्याला आणि लोककला-शास्त्रीय कलेच्या दीड लाखापर्यंत मानधनाच्या कार्यक्रमाला करमाफीही आहे. नोंदणी झाली की मात्र दरवर्षी एलयूटी (कर खात्याला द्यायचं हमीपत्र) भरायचं, फॉर्म आरएफडी-११. त्यामुळे निर्यातीच्या बिलावर कर लागत नाही. बिलावर ‘एलयूटीखाली, एकात्मिक कर न भरता निर्यात’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापावी लागते, आणि पैसे बिलापासून ठरलेल्या मुदतीत यावे लागतात.

आता सर्वांत धोक्याची जागा. परदेशातलं मंडळ प्रेमाने पैसे पाठवतं आणि हेतूच्या रकान्यात ‘देणगी’ लिहितं. नोंदणीकृत मंडळाला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, २०१० खाली परवानगी हवी, आणि ती बहुतेक भजनी मंडळांकडे नसते. नेहमीच्या व्यवसायातल्या सेवेचं शुल्क मात्र या कायद्यात देणगी मानलं जात नाही. म्हणून आधी बिल, मग पैसा, आणि पाठवणाऱ्याला लेखी सांगा की शब्द ‘कार्यक्रमाचं मानधन’ हाच असावा. ‘गणपतीला थोडी वर्गणी म्हणून’ जास्तीचे शंभर डॉलर कुणी घातले तर तेही नम्रपणे परत करा. लोकांना राग येतो. येऊ दे.

चौथी पायरी: दौरा

वर्षभर घरून काम झालं, दहा-बारा चांगल्या चित्रफिती झाल्या, दोन देशांत ओळखी झाल्या, मग दौऱ्याचं बोला.

पहिली अडचण नावांची. आपल्याकडे शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड आणि पासपोर्ट इंग्रजी. आडनाव तिन्हीकडे वेगळं उतरतं. जन्मस्थानही कुठे जुन्या नावाने, कुठे १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या ‘बेळगावी’ने. व्हिसासाठी बसण्याच्या सहा महिने आधी संपूर्ण पथकाची कागदपत्रं एका टेबलावर ठेवून नावं जुळवा. दुसरी अडचण: दहावी न झालेल्या टाळकऱ्यांच्या, पखवाज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का असतो. आखाती देश आणि मलेशिया यांसारख्या ठिकाणी कामाच्या व्हिसावर जायचं तर त्यांना वेगळी मंजुरी लागते. हे विमानतळावर कळलं तर उशीर झालेला असतो.

अमेरिकेत पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन कार्यक्रम करता येत नाही. ‘सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण’ कलेसाठी पी-३ व्हिसा आहे, आणि तो शिकवायला जाणाऱ्यालाही चालतो. अर्ज तिकडच्या आयोजकाने आय-१२९ फॉर्मवर करायचा असतो. आयोजक ‘टुरिस्टवर या, बघू नंतर’ म्हणत असेल तर तो आयोजक सोडा. एकाच्या पासपोर्टवर नकाराची नोंद झाली की ती पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते.

कर तिथेच कापला जातो. ब्रिटनमध्ये परदेशी कलावंताच्या मानधनातून २० टक्के कापायची पद्धत आहे. अमेरिकेत एकूण रकमेवर ३० टक्के, पण खर्च वजा करून कमी कपात ठरवून घेण्याची तिथल्या कर खात्याशी करार करायची सोय आहे. ती आयोजकाला आधीच करायला लावा. कापल्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय परतू नका, त्यावरच भारतात त्या कराचं श्रेय मिळतं.

वाद्यांसाठी एटीए कार्नेट काढावं. उद्योगसंघटना फिक्कीकडून मिळतं, आणि त्यामुळे तात्पुरती नेलेली वाद्यं आयात म्हणून अडवली जात नाहीत. ऑस्ट्रेलियात कातडं, लाकूड, बिया यांची तपासणी कडक असते, म्हणून पखवाज-ढोलकी उतरताच जाहीर करा. वासुदेव नेणार असाल तर टोपी कापडी बनवा. मोरपिसांना देशाबाहेर न्यायला मनाई आहे.

आमच्याकडच्या ढोल-ताशा पथकांना थेट सांगतो: चाळीस जणांचं पथक विमानाने नेऊन पैसे उरत नाहीत. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत जे साजतं ते परदेशात परवडत नाही. दोन शिक्षक पाठवा, तिकडच्या मुलांना सहा आठवडे आधी ऑनलाइन ताल शिकवा, आणि मिरवणुकीत त्यांच्याबरोबर वाजवा. भाडं वाचतं आणि तिकडच्या पथकाला दरवर्षी तुमची गरज लागते. करडी मजल (कन्नड भागातलं ढोलवादन), लेझीम, झांजपथक यांनाही हे लागू.

सरकारी वाट हवी असेल तर भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे. १९५० साली मौलाना आझाद यांनी ती स्थापन केली. तिच्या यादीत नाव लागलं तर परदेशी कार्यक्रमांसाठी निवड होऊ शकते. मानधन बेताचं, पण नंतरच्या व्हिसा अर्जात ते पत्र वजनदार ठरतं. तोवर देशातल्या देशात नागपूरचं दक्षिण मध्य आणि तंजावरचं दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, दोन्हीकडे अर्ज करा. कर्नाटक दोन्हींत आहे. जवळचं आंतरराष्ट्रीय विमानतळ हवं तर चोर्ला घाटातून गोव्यातलं मोपा धरा, मुंबईला रात्रभर बसने वाद्यं हलवण्यापेक्षा बरं.

वाटे आणि वही

पथकाचे वाटे निघण्याआधी लिहा: मुख्य गायक, साथीदार, टाळकरी, निवेदक, आणि हिशेब ठेवणारा. हिशेब ठेवणाऱ्याला बहुतेक मंडळं काहीच देत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी तो काम सोडतो. चित्रफितीची रॉयल्टी वेगळ्या ओळीत, कार्यक्रमात असलेल्या प्रत्येकाच्या नावाने.

एलयूटी आर्थिक वर्षापुरतंच असतं. एप्रिलचं पहिलं बिल काढण्याआधी नवं भरा. त्याच बैठकीत मागच्या वर्षाच्या फिरा पावत्या बिलांशी जुळवून घ्या, आणि नोव्हेंबरच्या घड्याळबदलाची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा.